पत्र्यावरचा पाऊस आणि गॅमा किरणांची सर

परवा रविवारी भाची आली होती डोंबिवलीला, बाहेर धो धो पाऊस, लाइट जातायत येतायत आणि मी लॅपटॉपवर अॅस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-उपग्रहाचा डेटा उघडून बसलेलो. मामा काय बघतोयस? म्हटलं खूप लांबच्या दीर्घिकेत झालेला स्फोट. मग फोटो दाखव ना! फोटो नाही गं, कधी किती गॅमा किरण आले त्याचा आलेख आहे, त्यात मध्ये स्फोटाचा एक उंचवटा आहे. तिचं तोंड एवढंसं झालं. मला तर हा उंचवटा कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आवडतो, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढूया.

आमच्या बाल्कनीवर पत्रा आहे. रिमझिम असली की थेंब सुटे सुटे ऐकू येतात, सर आली की आवाज एकदम चढतो. गॅमा किरणांचा, म्हणजे खूप जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा, डिटेक्टर तेच करतो, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण पडला की कधी पडला, कुठल्या पिक्सेलवर, किती ऊर्जेचा, एवढं लिहून ठेवतो, बस्स. स्फोट नसतानाही रिमझिम चालूच असते, कॉस्मिक रेज म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण असतात, पृथ्वीच्या वातावरणातून उलटे येणारे गॅमा किरण असतात. आणि हे सगळं वरच जाऊन मोजावं लागतं कारण आपलं वातावरण गॅमा किरण खाली येऊच देत नाही.

अॅस्ट्रोसॅटवरचं सीझेडटीआय हे असंच फोटॉन मोजणारं यंत्र आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तयार झालं, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेसकट बऱ्याच संस्थांचा हात त्यात आहे. चौसष्ट डिटेक्टर, प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे १६,३८४ पिक्सेलचा पत्राच म्हणा ना. २८ सप्टेंबर २०१५ ला उपग्रह वर गेला आणि ६ ऑक्टोबरला हे यंत्र चालू केलं, त्याच दिवशी त्याला पहिला स्फोट सापडला, जीआरबी १५१००६ए (जीआरबी म्हणजे गॅमा किरणांचा स्फोट, पुढे तारीख)! तोही समोर नाही, यंत्र जिकडे बघत होतं तिथून जवळजवळ ६० अंश बाजूला. कारण फोटॉनची ऊर्जा १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) वर गेली की यंत्राच्या भिंती फोटॉनला जवळपास अडवतच नाहीत, आणि बनवणाऱ्यांनी त्या मुद्दामच तशा ठेवल्या होत्या. खिडकीतून बघायचं यंत्र भिंतीतून पण बघतं, हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

अर्थात भिंतीतून आलेला फोटॉन उपग्रहाच्या कशाकशातून गाळून येतो, म्हणून अख्ख्या उपग्रहाचं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवून कुठल्या दिशेने किती अडलं असेल ते काढावं लागतं. पण याच यंत्राने पोलरायझेशनही, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेत डोलतायत तेही, मोजता येतं, एक फोटॉन एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडतो, अशा जोड्या कुठल्या दिशेला जास्त आहेत ते मोजायचं, म्हणजे थेंब पडून शिंतोडा कुठे उडाला तसं. किती बारीक काम आहे हे!

आता सर नक्की किती वेळ होती हे कसं सांगणार? ती हळूहळू येते, हळूहळू ओसरते. म्हणून टी-नव्वद काढतात, स्फोटाचे एकूण फोटॉन धरले तर पहिले पाच टक्के आल्यापासून पंचाण्णव टक्के येईपर्यंतचा वेळ. दोन सेकंदांच्या आत असेल तर शॉर्ट, तिथे बहुतेक वेळा न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे) एकमेकांवर आदळलेले असतात, त्याच्या वर लाँग, तिथे बहुतेक एखादा मोठा तारा कोसळलेला असतो. ९ ऑक्टोबर २०२२ ला आलेला स्फोट तर इतका प्रखर होता की नासाच्या फर्मीसारख्या अवकाश दुर्बिणीचे डिटेक्टरही काही वेळ मोजू शकले नाहीत, २६ जुलैच्या पावसात थेंब कोण मोजणार.

खरी गोम आहे रिमझिम वजा करण्यात. उपग्रह फिरतो तशी ती कमी-जास्त होते, दक्षिण अटलांटिकवर जिथे पृथ्वीभोवतीचे भारित कण खूप खाली उतरतात त्या भागाजवळ तर भलतीच वाढते, त्यामुळे आलेखाचा स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा घेऊन मधून वक्र काढायचा, ती रिमझिम धरून वजा करायची. आता तुकडा कुठला घ्यायचा हे मीच ठरवणार ना! भाचीसमोर मी आधी एक घेतला, मग शेवटाकडचा दुसरा, आणि टी-नव्वद बदलला. ती म्हणाली, मग खरा कुठला? तेव्हापासून मी तुकडे बदलून बदलून बघतोय, प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहितोय, काल रात्रीपर्यंत अकरा झालेत.