गुण नकोत, उत्तरपत्रिका दाखवा

मुलीसाठी गणिताची शिकवणी शोधण्यात माझे सात आठवडे गेले. त्यांपैकी शिक्षकांची चौकशी करणे, त्यांना भेटणे आणि तासांची वेळ ठरवणे याला जेमतेम बारा दिवस लागले असतील. उरलेला सगळा काळ एका शिकवणी वर्गाकडून माझ्याच मुलीची उत्तरपत्रिका पाहायला मिळावी म्हणून खेटे घालण्यात गेला. त्याला आता बरेच महिने उलटले आहेत, तरी तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

मुलगी तेव्हा आठवीत होती. सातवीपर्यंत गणिताबद्दल तिची काही तक्रार नव्हती, पण बीजगणितात कंस आणि उणे चिन्हे एकत्र येऊ लागली आणि गुण घसरू लागले. घरी मी शिकवायला बसले की पंधरा मिनिटांत दोघींचाही पारा चढायचा. मी "अगं, हे तर सोपं आहे" म्हणायचे आणि ती वही मिटायची. (गणित शिकवताना हे वाक्य उच्चारू नये, हे मला फार उशिरा कळले. ज्याला अडले आहे त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की सोपे असूनही आपल्याला येत नाही.)

ज्या वर्गाकडे आम्ही प्रथम गेलो, त्याच्या माहितीपत्रकात 'प्रवेशापूर्वी निदान चाचणी' असे शब्द होते आणि मी त्यांतल्या 'निदान' या शब्दाला भुलले. निदान म्हणजे नेमके काय बिघडले आहे ते सांगणे, अशी माझी भाबडी समजूत होती. त्यासाठी चार पानांचा अर्ज भरावा लागला. पाल्याचे ध्येय, पालकांच्या अपेक्षा, सोयीची वेळ, आधीच्या तीन परीक्षांचे गुण, या सगळ्यासाठी त्यात रकाने होते. मुलीला कशात अडते, हे लिहायला मात्र कुठेही जागा नव्हती. चाचणी पंचेचाळीस मिनिटांची आणि ३० प्रश्नांची होती. अहवाल तीन दिवसांत मिळेल असे सांगण्यात आले.

चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा "विश्लेषण सुरू आहे, मॅडम" असे उत्तर आले, आणि आठव्या व बाराव्या दिवशीही तेच उत्तर त्याच आवाजात आले. सोळाव्या दिवशी हाती पडलेला अहवाल एका पानाचा होता. त्यावर एक रंगीत वर्तुळ होते, वर्तुळात '४३ टक्के' असा आकडा होता, खाली 'पाया कच्चा आहे' असा शेरा होता आणि त्याखाली पूर्ण वर्षाच्या, आठवड्यातून चार दिवसांच्या सखोल अभ्यासक्रमाची शिफारस होती. पाया नक्की कुठे कच्चा आहे, असे मी काउंटरवरच्या बाईंना विचारले. त्यांनी अहवाल माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि मला तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

मी उत्तरपत्रिका मागितली, तर पेपर दाखवण्याची पद्धत नाही असे कळले. समन्वयकांना भेटायचे म्हटले, तर ते बाहेर गेले होते. दुसऱ्या खेपेस लेखी अर्ज द्या म्हणून सांगितले, तेव्हा तिथेच उभी राहून मी अर्ज लिहिला. पण त्यावर प्रवेश क्रमांक हवा होता, आणि प्रवेश घेतलाच नसल्यामुळे क्रमांक नव्हता. प्रवेश घेतला की क्रमांक मिळेल, क्रमांक मिळाला की अर्ज नोंदवहीत चढेल आणि अर्ज चढला की उत्तरपत्रिकेचा विचार होईल, असा तो क्रम होता. म्हणजे औषध घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी मला जे पाहायचे होते, ते औषधाचे सगळे पैसे भरल्यावरच दिसणार होते.

या खेपांमध्ये तिथल्या बाकावर मी इतका वेळ बसले की समोरचा फलक मला पाठ झाला. शिकवणीमुळे सरासरी विद्यार्थीही ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. घरी येऊन त्याचा माग काढला. तो आकडा अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखातला आहे आणि त्यात तो खरोखरच आहे; पण तिथे एका शिक्षकाकडे एक, फार तर दोन-तीन विद्यार्थी होते, दर टप्प्यावर छोटी चाचणी घेऊन चुका लगेच दुरुस्त केल्या जात होत्या, आणि संभाव्यता व नकाशाशास्त्र हे विषय सुमारे तीन आठवडेच शिकवले गेले होते. पुढे २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम सुमारे ०.७९ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप; ब्लूम यांचे ९८ टक्के म्हणजे अशी दोन विचलने) इतका निघाला, म्हणजे मधला विद्यार्थी शंभरांत साधारण ७८ जणांच्या पुढे जातो. हाही परिणाम काही थोडाथोडका नाही. मला राग आला तो वेगळ्याच कारणाने: ज्या आकड्याचा अर्धा जीव चुका दाखवून दुरुस्त करण्यात होता, तो भिंतीवर लावून हे लोक मला चुकाच दाखवत नव्हते.

तिसऱ्या खेपेनंतर मी बहुधा नाद सोडला असता. पण त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. मला गणित येत नाही एवढंच आहे ते." ते ४३ टक्के तिच्या मनात कुठवर जाऊन बसले आहेत हे तेव्हा लक्षात आले, आणि दुसऱ्या दिवशी मी समन्वयकांच्या दाराशीच जाऊन बसले. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण दहाच मिनिटांसाठी, तिथेच बसून, आणि फोटो न काढण्याच्या अटीवर. मी मुलीला सोबत नेले. ती चुकलेले प्रश्न हळू आवाजात वाचत गेली आणि मी ते त्या एकपानी अहवालाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने उतरवून घेत गेले.

तीस प्रश्नांपैकी १३ बरोबर होते. उरलेल्या १७ पैकी सहा तिने सोडवलेच नव्हते, कारण पान उलटायला वेळ उरला नव्हता. दोन ठिकाणी अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला होता. दोन ठिकाणी आकडा उतरवतानाच चूक झाली होती. आणि राहिलेल्या सातही प्रश्नांत एकच चूक होती: कंसाबाहेर उणे चिन्ह असले की ती ते फक्त पहिल्या पदाला लावत होती. ५ − (क्ष − ३) याचे तिने ५ − क्ष − ३ केले होते आणि उत्तर २ − क्ष काढले होते. सहाव्या प्रश्नाशी तीच थांबली आणि म्हणाली, "आई, हे परत तेच आहे." सोळा दिवसांच्या विश्लेषणाला जे सापडले नव्हते किंवा सांगायचे नव्हते, ते एका तेरा वर्षांच्या मुलीला चार मिनिटांत सापडले. त्या वर्गात आम्ही प्रवेश घेतला नाही, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर शिक्षक शोधणे अगदीच सोपे गेले, कारण काय मागायचे हे आता माहीत होते. पहिल्या नमुना तासाला आलेले सर विषयात निष्णात होते. त्यांनी पाऊण तासात अकरा उदाहरणे सुरेख सोडवून दाखवली आणि मुलगी प्रत्येक उदाहरणाला मान डोलावत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांतलेच एक उदाहरण आकडे बदलून दिले, तर तिला पहिली पायरीही लिहिता आली नाही. नमुना तासानंतर ही परीक्षा जरूर घ्यावी, पण त्याच दिवशी घेऊ नये, कारण त्या दिवशी सगळेच आल्यासारखे वाटते.

दुसऱ्या भेटीला आलेल्या ताई गणितात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला तो कागद पाहिला, मुलीपुढे ठेवला आणि "हे तू कसं केलंस ते सांग" एवढेच म्हणून गप्प बसल्या. ती शांतता मला असह्य झाली होती. मी मधे बोलणार होते, पण त्यांनी हातानेच मला थांबवले. मुलीने तिची रीत सांगितली. ताईंनी ती चूक आहे असे म्हटले नाही. क्षच्या जागी १० घालून बघ, असे सुचवले. कंसात १० वजा ३ म्हणजे ७, आणि ५ वजा ७ म्हणजे उणे २. तिच्या २ − क्ष या उत्तरात १० घातले तर येत होते उणे ८. दोन्ही आकड्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली की तीन काढायचे नव्हते, परत द्यायचे होते. नंतर तिने ८ − क्ष लिहिले, त्यातही १० घालून पाहिले आणि उणे २ आल्यावर खाली दोन रेघा मारल्या.

शिकवणीचा खरा उपयोग मला तिथे दिसला. चाळीस मुलांच्या वर्गात कोणीही शिक्षक एका मुलीची चूक तिच्याच तोंडून ऐकण्यासाठी दोन मिनिटे थांबू शकत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. आठवड्यातून दोन तास असे दोन महिने झाल्यावर तिच्या गुणांपेक्षाही दोन सवयी बदललेल्या दिसल्या: उत्तर आले की ती एखादी संख्या घालून पडताळते, आणि कळले नाही तर "थांबा, कळलं नाही" असे म्हणते. शाळेचा गृहपाठ ताईंकडून करून घ्यायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावून ठेवावे लागले, नाही तर सगळा तास त्यातच जातो. सहा आठवड्यांनी एकत्र बसून पुढचे ठरवू, असेही आधीच बोलून ठेवले होते, त्यामुळे नंतर तास कमी करताना अवघडल्यासारखे झाले नाही. आणि हे खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवे होते: कोणत्याही चाचणीला मुलाला बसवण्यापूर्वी, तपासलेला पेपर घरी मिळेल का, असा प्रश्न विचारावा, आणि नाही असे उत्तर आले तर अर्जाची चार पाने भरण्याचे कष्ट घेऊ नयेत.

वेग अजून फारसा वाढलेला नाही, आणि भूमितीतल्या सिद्धता तशाच अडून आहेत. दोन कोन समान का, याचे कारण म्हणून तिने परवा "आकृतीत दिसतंच आहे" असे लिहिले होते. त्यासाठी ताईंनी शाळेच्या मागच्या तीन उत्तरपत्रिका मागवल्या आहेत. त्या आमच्याच कपाटात असल्यामुळे या वेळी अर्ज करावा लागला नाही.