डायनॅमिक कॅम: मॅच लाइनवरून वाचून रिफ्रेश जमला

४ शब्द × ४ बिटचा कॅम (डेटावरून जागा शोधणारी मेमरी) ब्रेडबोर्डवर चालतोय मंडळी, आणि आता रिफ्रेशपण, म्हणजे कपॅसिटरमधला गळणारा चार्ज वेळोवेळी परत भरणं, सुरू झालाय!

नवीन लोकांसाठी थोडक्यात. रॅमला पत्ता दिला की डेटा मिळतो, कॅमला डेटा द्यायचा आणि तो कुठल्या ओळीत आहे ते सगळ्या ओळी एकदम तपासून कळतं. माझ्या प्रत्येक सेलमध्ये दोन नोड आहेत, एक बिटचा, एक त्याच्या उलट्याचा. नोड म्हणजे २एन७००० या मॉसफेट ट्रान्झिस्टरचं गेट आणि जोडीला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या वर सिरीजमध्ये सर्च लाइनचा (शोधायचा बिट जिच्यावरून येतो ती तार) दुसरा २एन७०००. मॅच लाइन, म्हणजे ओळ जुळली का ते सांगणारी त्या ओळीची तार, आधी ५ व्होल्टला चार्ज करायची, एक जरी बिट जुळला नाही तरी ती खाली येते. लिहायच्या स्विचला मात्र २एन७००० नकोच, त्यात सोर्स-ड्रेनमध्ये बॉडी डायोड असतो, त्यामुळे बिट लाइन (लिहायचा डेटा आणणारी तार) हलली की गेट बंद असूनही चार्ज इकडचा तिकडे. तिथे सीडी४०६६ ही स्विचची चिप लावलीय.

आता खरी गंमत. दोन्ही नोड शून्य म्हणजे 'काहीही चालेल' असा बिट, टर्नरी (०, १ आणि 'काहीही' अशा तीन अवस्थांच्या) कॅममध्ये तो मुद्दाम ठेवतात. पण १ असलेल्या नोडचा चार्ज गळला तरी सेल नेमका तसाच दिसतो! म्हणजे विसरलेला सेल गप्प बसत नाही, जे विचाराल त्याला हो ला हो करतो आणि खोटा मॅच येतो. रिफ्रेश चुकला हे बाहेरून कळतच नाही, म्हणून मला हा भाग रॅमच्या रिफ्रेशपेक्षा जास्त नाजूक वाटतो.

एका ट्रान्झिस्टरच्या डीरॅम (रिफ्रेश लागणारी नेहमीची रॅम) सेलमध्ये वाचलं की चार्ज जातो, परत लिहावाच लागतो. इथे चार्ज गेटवर बसलाय, सर्चने तो जात नाही, मग वाचायचं काम सर्चकडूनच करून घेतलं. एकाच कॉलमची एक सर्च लाइन वर न्यायची, बाकी सगळ्या शून्यावर, ज्या ओळींची मॅच लाइन पडली तिथे तो नोड १. मग त्याच कॉलमची दुसरी लाइन. ८ सर्चमध्ये चारही ओळी वाचून होतात, मग ४ वेळा लिहायचं, एका ओळीला एकदा. हे सगळं आर्डुइनो मेगा हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड करतो, तेवढा वेळ बाहेरचा सर्च थांबतो हे खरंय.

किती वेळाने करायचं? गेट धरून साधारण १५० पिकोफॅरड आणि गळती १ नॅनोअँपिअर धरली तर अडीच व्होल्ट जायला पाऊण सेकंदाच्या निम्मा वेळ, म्हणजे ३७५ मिलिसेकंद. मी ५० ठेवलेत (बऱ्याच डीरॅमला ६४ असतात, ८५ अंशांच्या वर ३२, आणि १९७० च्या इंटेल ११०३ या डीरॅम चिपला फक्त २). एवढी घाई कशाला असं वाटेल, पण सिलिकॉनची गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते आणि नाशिकचा मे महिना ४० ला टेकतो, शिवाय पावसाळ्यात ब्रेडबोर्ड दमट झाला की पृष्ठभागावरूनपण चार्ज जातो.

आणि नोडला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावू नका, प्रोबच्या १० मेगओहममधून तो दीडेक मिलिसेकंदातच रिकामा होतो. मॅच लाइनच बघा.

पुढचं काम म्हणजे प्रत्येक ओळीत पाचवा सेल, कायम १, कपॅसिटर मुद्दाम ४७ पिकोचा, म्हणजे गळायचं झालं तर आधी तो गळेल आणि इशारा मिळेल. ४७ पुरेसे की अजून कमी लागतील, कोणी केलं असेल तर सांगा.