चिठ्ठी पुन्हा लिहून मिळाली, पण कशी!

"चिठ्ठी वाचता येत नाही, नीट लिहून द्या" एवढं सांगण्यासाठी पेशंटच्या घरच्यांनी किती झगडायचं? आईचा संधिवात, पुण्यातल्या तज्ज्ञांची अपॉइंटमेंट, रक्ताच्या तपासण्या, सगळं सुरळीत पार पडलं. डॉक्टरांनी आईला नीट तपासलं, वेळ दिला. घोडं अडलं ते औषधांच्या चिठ्ठीपाशी.

कराडला परतल्यावर आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्या काकांनी ती ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. औषध मेथोट्रेक्सेट, हे त्यांनी ओळखलं. पण पुढचा आकडा साडेसात की अडीच, ते लागेना. त्याच्यापुढे इंग्रजी 'ओ' आणि त्याला चिकटलेला एक वळसा. तो 'डी' असेल तर गोळी रोज, 'डब्ल्यू' असेल तर आठवड्यातून एकदा. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. काका म्हणाले, "ताई, आठवड्याचीच असणार, पण डोस अंदाजाने मी देणार नाही. लिहून आणा." मला त्यांचं पटलं. शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध दुकानदाराला मनाने बदलूनही देता येत नाही.

हॉस्पिटलला फोन केला तर "फोनवर औषध सांगत नाही." हेही योग्यच. म्हणून पुन्हा पुणे गाठलं, आणि खरा त्रास तिथे रिसेप्शनवर सुरू झाला.

"सरांचं अक्षर तसंच आहे, मॅडम. आमच्या खालच्या मेडिकलमध्ये सगळ्यांना वाचता येतं, तिथूनच घ्या." म्हणजे दर महिन्याला कराडहून पुण्याला यायचं का? मी तसं विचारलं, तर उत्तर आलं की नवीन चिठ्ठी हवी असेल तर नवीन केसपेपर काढा, फी भरा, नंबर लावा. मी सांगितलं, मला नवीन सल्ला नको, दिलेलाच सल्ला वाचता येईल असा हवाय. "सर राउंडला गेलेत." मग जेवणाची सुट्टी. मग काउंटरवर दुसऱ्या मॅडम, त्यांना सगळं पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना असं सांगायचं बरं दिसत नाही." हे वाक्य मला आजही सलतं. पंच्याहत्तरीच्या बाईने कुठली गोळी कधी गिळायची हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान कसला?

शेवटी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यात दाखला दिला भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांतल्या, २०१६ साली दुरुस्त झालेल्या कलम १.५ चा: डॉक्टरांनी औषधं जेनेरिक (ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या) नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. कलमाचा आकडा ठळक लिहिला, खाली चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का मागितला. शिक्का म्हटल्यावर काउंटरची भाषाच बदलली. आतून एक सहायक डॉक्टर आल्या, केसपेपर पाहिला, सरांना फोनवर विचारलं आणि उभ्याउभ्याच कॅपिटलमध्ये लिहून, सही करून दिलं: साडेसात मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. मीच त्यांना म्हटलं, पुढे वारही लिहा. त्यांनी 'दर सोमवारी' असं मराठीत लिहिलं. आता आई कुणाला न विचारता गोळी घेते. आठवड्याची गोळी असेल तर वार लिहूनच घ्या, हे फार महत्त्वाचं.

असं कुणावर आलं तर रिसेप्शनशी वाद घालत बसू नका, थेट सहायक डॉक्टरांना भेटायचंय म्हणा. त्याहून सोपं म्हणजे केबिनमधून उठायच्या आधीच चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे अडखळाल तिथे डॉक्टर स्वतःच दुरुस्त करतील. तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, डोस, एकूण किती गोळ्या आणि सही हे चिठ्ठीवर असायलाच हवं, औषध नियमांतला ६५ वा नियम तसं सांगतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही पाहून घ्या. एवढं करूनही दाद लागली नाही, तर शिक्क्याची प्रत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे (राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) तक्रार करताना उपयोगी पडते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येणारी चिठ्ठी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. एका जामीन प्रकरणातला वैद्यकीय अहवाल न्यायमूर्तींनाच वाचता आला नव्हता. संगणकावर छापील चिठ्ठ्या सुरू होईपर्यंत कॅपिटल अक्षरांत लिहा, असं त्यांनी बजावलं. तो आदेश त्यांच्या हद्दीपुरता असला, तरी आपल्याकडे अर्जात कलम १.५ चा दाखला पुरेसा आहे.

आणि नव्या चिठ्ठीचा लगेच फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. जुनी मात्र फाडू नका, त्यावर मोठी फुली मारून फाइलला लावा, म्हणजे चुकून तीच मेडिकलमध्ये जाणार नाही.