शेवटच्या प्रयोगाची तारीख

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिराती मी वाचते त्या ‘शुभारंभाचा प्रयोग’ या ठळक अक्षरांसाठी नव्हे, तर खाली कोपऱ्यात बारीक टायपात छापलेल्या ‘अखेरचे तीन प्रयोग’ या ओळीसाठी. ज्या देशांत जून ते ऑगस्ट हा नाटकांचा खास उन्हाळी हंगाम असतो, तिथे एकाच पानावर एक नाटक शुक्रवारी रात्री सुरू होत असते आणि शेजारच्या चौकटीतले दुसरे रविवारी दुपारी कायमचे संपत असते. पहिल्याला पुष्पगुच्छ, निमंत्रित पाहुणे, समीक्षक आणि छायाचित्रकार लाभतात. दुसऱ्याच्या वाट्याला येतात ते हातोडी-पाने घेतलेले कामगार आणि मागच्या दाराशी उभा असलेला ट्रक. हा पंक्तिप्रपंच मला खटकतो, आणि म्हणूनच की काय, माझा कल नेहमी संपणाऱ्या नाटकाकडे असतो.

खरे पाहता उन्हाळा आणि बंदिस्त नाट्यगृह यांचे फारसे सख्य कधीच नव्हते. वातानुकूलन येण्यापूर्वी दिव्यांची धग आणि दाटीवाटीने बसलेली माणसे यांमुळे भर उन्हाळ्यात नाटक पाहणे ही शिक्षाच असे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची बहुतेक नाट्यगृहे त्या दिवसांत सरळ कुलूप लावून मोकळी होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही हिकमती मालकांनी नाट्यगृहाच्या गच्चीवरच रंगमंच थाटून पाहिले. परंतु तिकिटाला पैसे मोजणारी सुखवस्तू मंडळी तोवर समुद्रकिनाऱ्यांकडे आणि डोंगरांकडे निघून गेलेली असत, आणि प्रेक्षक गेल्यावर नटांनी शहरात घाम गाळत बसण्यात काही अर्थ नव्हता. मग नाटकही सुट्टीवर निघाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा जमिनीचा एक चिंचोळा भाग समुद्रात शिरला आहे. त्याच्या टोकावरच्या प्रॉव्हिन्सटाउन गावी, धक्क्यावरच्या एका जुन्या मासळीच्या गुदामात, १९१६ च्या जुलै महिन्यात काही हौशी लेखक-कलावंतांनी जहाजावर मरणाऱ्या खलाशाची एकांकिका केली. पायांखालच्या फळ्यांखाली खराखुरा समुद्र आदळत होता, त्यामुळे पार्श्वसंगीताचा खर्च वाचला, असे म्हणायला हरकत नाही. युजीन ओनील या लेखकाचे रंगमंचावर आलेले ते पहिले नाटक. पुढे १९३६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच केप कॉडवर डेनिस गावी १९२७ मध्ये केप प्लेहाउस उभे राहिले. तिथे प्रेक्षकांना त्यांच्या खुर्च्या दाखवण्याचे काम करणारी बेटी डेव्हिस नावाची मुलगी काही वर्षांतच चित्रपटाची मोठी नटी झाली.

पुढे वातानुकूलनामुळे शहरातली नाट्यगृहे थंडगार झाली, तरी ही उन्हाळी नाटके बंद पडली नाहीत, कारण एव्हाना त्यांची स्वतःची एक तऱ्हा तयार झाली होती. एक नाटक, एक आठवडा, आणि लगेच दुसरे नाटक, असा तो क्रम होता. नटसंच तोच, रंगमंच तोच. पण संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग करायचा आणि सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. म्हणजे प्रत्येक नटाच्या डोक्यात एकाच वेळी एक नाटक मावळत असते आणि दुसरे उगवत असते. मला या कसरतीचे फार नवल वाटते. रात्री म्हातारा सावकार झालेल्या माणसाने सकाळी दहा वाजता भोळ्या प्रियकराची वाक्ये पाठ करायची, आणि ऐन प्रयोगात त्या प्रियकराचे एखादे वाक्य सावकाराच्या तोंडून निसटू द्यायचे नाही!

या सगळ्याचा ताण येतो तो आठवडा उलटताना. शेवटच्या प्रयोगाच्या टाळ्या थांबल्या, प्रेक्षक पायऱ्या उतरू लागले, की पाच-दहा मिनिटांत रंगमंचावर कामाचे दिवे लागतात. हे दिवे पांढरे, सपाट आणि निर्दय असतात. त्यांच्या उजेडात मघाचा दिवाणखाना क्षणात प्लायवूड होतो. आधी हलते ती प्रॉपर्टी: चहाचे कप, पत्रे, पिस्तूल, फुलदाणी, सगळे मोजून पेटीत. मग फर्निचर. मग फ्लॅट मोकळे होतात. लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय ठोकलेल्या या भिंती पुसून, रंगवून पुन्हा वापरायच्या असतात, म्हणून त्या फोडायच्या नसतात, जपून उतरवायच्या असतात. जुन्या फ्लॅटची कड कुठे खरवडली गेली असेल तर ती जरूर पाहावी. करड्याखाली हिरवा, हिरव्याखाली वीटकरी, त्याखाली कुठल्याशा राजवाड्याचा पिवळा, असे उतरून गेलेल्या नाटकांचे थर तिथे सापडतात, आणि कुठला रंग कोणत्या नाटकाचा हे सांगणारे माणूस बहुधा सोबतच्या सुतारांतच असते.

सर्वांत शेवटी निघतात त्या जमिनीवरच्या खुणा. खुर्चीचा पाय कुठे यावा, टेबलाचा कोपरा कुठे बसावा, अंधारात नटाने कुठे थबकावे, यासाठी तालमींच्या काळात रंगीत चिकटपट्टीचे छोटे छोटे तुकडे लावलेले असतात. प्रेक्षकांना ते दिसत नाहीत, नटांना मात्र त्यांच्यावाचून चालत नाही. कोणीतरी गुडघ्यांवर बसून, नखाने कड उचलून, ते एकेक करून काढते. माझ्या मते नाटक संपते ते इथे. पडदा तर रोजच पडत होता. खुणा निघाल्या की उद्या तेच पात्र त्याच जागी उभे राहण्याची शक्यता संपते. त्यानंतर अर्ध्या तासात दुसऱ्या रंगाची पट्टी घेऊन कोणीतरी नव्या नाटकाच्या खुणा लावू लागते, ही गोष्ट वेगळी.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात तर दर ऑगस्टमध्ये ही उलथापालथ दिवसातून अनेकदा होते. १९४७ मध्ये तिथे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसतानाही आठ नाटकमंडळ्या येऊन थडकल्या आणि त्यांनी महोत्सवाच्या कडेला आपापले प्रयोग लावले. त्यातूनच आजचा प्रचंड फ्रिंज महोत्सव वाढला. तिथे एकाच छोट्या खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत एकापाठोपाठ एक प्रयोग असतात, आणि मधल्या थोड्याशा मिनिटांत एका मंडळीने आपले जग गुंडाळून दुसरीला जागा द्यायची असते. तिथल्या नेपथ्यात जड असे काही का नसते, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधणाऱ्यांनी ते घड्याळात शोधावे.

शुभारंभाची थोरवी मला अमान्य नाही. त्यामागची भीती खरी असते. नाटकाचे अगदी शेवटचे वाक्य तालमीत उच्चारायचे नाही, ते पहिल्या प्रेक्षकांसाठी राखून ठेवायचे, अशी इंग्रजी रंगभूमीवर जुनी समजूत आहे. रंगीत तालीम फसली तर पहिला प्रयोग हमखास रंगतो, हीदेखील तशीच दुसरी समजूत. ती कोणत्या रात्री जन्माला आली असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ब्रॉडवेवर एके काळी पहिल्या रात्रीचा प्रयोग पाहून समीक्षक धावत कचेरी गाठत आणि रातोरात लिहून देत. नट-निर्माते सार्डीज या उपाहारगृहात बसून पहाटेच्या वर्तमानपत्रांची वाट पाहत. आता आधी कित्येक पूर्वप्रयोग होतात, समीक्षक त्यांतलाच एखादा पाहून जातात, आणि शुभारंभाची रात्र बरीचशी समारंभापुरती उरते. तरीही ती रात्र घात करू शकते. ‘मूस मर्डर्स’ हे नाटक २२ फेब्रुवारी १९८३ रोजी ब्रॉडवेवर उघडले आणि त्याच रात्री बंदही झाले. शुभारंभ आणि समारोप एकाच पुष्पगुच्छात उरकल्याचे हे उदाहरण नाटकवाले आजही चवीने सांगतात.

मात्र पहिल्या प्रयोगात नट अजून नाटक सांभाळत असतो. शेवटच्या प्रयोगात त्याला ते सांभाळावे लागत नाही. कुठल्या वाक्यावर हशा येतो, कुठल्या विरामात खोकले ऐकू येतात, सहकलाकार कुठे श्वास घेतो, हे सारे त्याच्या अंगात मुरलेले असते, आणि आज चुकले तर उद्या सुधारू ही सोय संपलेली असते. याचा परिणाम नेहमी चांगलाच होतो असे नाही. शेवटच्या दिवशी खुर्च्यांत निम्मे नटांचे मित्र असतात, काहीजण तिसऱ्यांदा आलेले असतात, ते विनोदाच्या आधीच हसतात आणि साध्या एन्ट्रीलाही टाळी देतात. नटही लाडावतात. विरामांना विराम जोडले जातात, एकमेकांची खोडी काढण्यासाठी पत्राच्या कोऱ्या कागदावर भलतेच काहीतरी लिहून ठेवण्याचे प्रकार होतात, आणि ते पत्र गंभीर चेहऱ्याने वाचण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याची फजिती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. नाटक उत्तम पाहायचे असेल तर शेवटच्या आठवड्यातला एखादा साधा, निम्मा भरलेला गुरुवार गाठावा, असे मी कोणालाही सांगेन. रविवारी दुपारी पाहायला मिळते ते नाटकापेक्षा थोडे कमी आणि थोडे जास्त असते, आणि मी जाते ती त्या जास्तीसाठी.

अखेरच्या प्रयोगाला स्वतःचा असा विधी जवळजवळ नाहीच, याचे मात्र आश्चर्य वाटते. अखेरच्या रात्री दिग्दर्शकाला किंवा नायिकेला चक्क दफनभूमीतून आणलेली फुले द्यावीत, अशी एक पाश्चात्य प्रथा सांगितली जाते. नाटक मेले असा तिचा अर्थ लावतात. नाटकवाल्यांच्या खिशाची एकंदर परिस्थिती पाहता फुकट मिळणारी फुले एवढाच तिचा उगम असावा, असा मला संशय आहे.

तारखेची गंमत कळते ती फार काळ चाललेल्या नाटकांकडे पाहिल्यावर. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून सुरू असलेले ‘द माउसट्रॅप’ साथीमुळे २०२० च्या मार्चमध्ये थांबले, २०२१ च्या मेमध्ये पुन्हा सुरू झाले. असे नाटक पाहायची घाई कोणाला असते? ते या वर्षी आहे, पुढच्या वर्षीही असेल. न्यूयॉर्कमध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चेही तसेच झाले होते. १९८८ च्या जानेवारीपासून ते चालू होते, आणि जे कायम आहे त्याला उद्या जाऊ, असे शहर म्हणत होते. मग निर्मात्यांनी १८ फेब्रुवारी २०२३ ही त्याची अखेरची तारीख जाहीर केली. तिकिटांवर अशा उड्या पडल्या की ती पुढे ढकलून १६ एप्रिल करावी लागली. १३,९८१ व्या प्रयोगानंतर ते संपले, आणि दिवस अर्थातच रविवार होता, कारण तिथल्या रिवाजात सोमवार हा बहुधा सुट्टीचा दिवस असतो. जे पस्तीस वर्षांच्या लौकिकाने साधले नाही ते एका तारखेने साधले. उन्हाळी नाटकाला हे भाग्य जन्मतःच मिळते. त्याच्या पहिल्याच जाहिरातीत ‘अमुकपासून’च्या शेजारी ‘तमुकपर्यंत’ छापलेले असते, त्यामुळे प्रेक्षक टाळाटाळ करत नाही आणि नटही रेंगाळत नाही.

अर्थात छापलेल्या तारखेवर ऊन-पावसाचा हक्क पहिला. उघड्यावरच्या नाटकात मध्यंतरालाच आभाळ भरून येते आणि दुसरा अंक व्हायचाच राहतो. पण उन्हाळ्यातला सर्वांत अवचित समारोप लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाचा. २९ जून १६१३ रोजी तिथे आठव्या हेन्री राजावरचे नवे नाटक चालू असताना प्रसंगाची शोभा वाढवण्यासाठी तोफ उडवली गेली, ठिणगी गवताच्या छपरात शिरली, आणि तासाभरात सारे नाट्यगृह जळून गेले. त्या काळच्या एका पत्रात नोंद आहे की जीवितहानी झाली नाही. एकाच्या विजारीने पेट घेतला होता, ती त्याने प्रसंगावधान राखून बाटलीतल्या बिअरने विझवली. पुढच्याच वर्षी ग्लोब नव्याने उभे राहिले. या वेळी छपराला कौले होती.

एवढे झाल्यावर नाटकाचे मागे उरते काय? रंगमंच-व्यवस्थापकाची वही उरते. तिच्यात संहितेच्या समासात प्रत्येक प्रकाशाची, आवाजाची, एन्ट्रीची खूण असते, आणि तीवरून प्रयोग पुन्हा बांधता येतो, पण पाहता येत नाही. कपडे भांडारात जातात, त्यांच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्ट्यांवर आधी ते घातलेल्या नटांची नावे एकाखाली एक असतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७० पासून प्रयोगांच्या चित्रफितींचा मोठा संग्रह केला आहे, पण अभ्यासकांनी त्या तिथेच बसून पाहायच्या असतात. घरी नेता येत नाहीत. मला तो नियम आवडतो. निदान पाहण्यासाठी उठून कुठेतरी जावे लागते, एवढी नाटकाची अट तरी त्यात शिल्लक राहिली आहे.

म्हणून एकाच शनिवार-रविवारी शुभारंभ आणि समारोप समोरासमोर आले, आणि खिशात एकाच तिकिटाचे पैसे असले, तर निवड करायला मला वेळ लागत नाही. नवे नाटक पुढच्या आठवड्यातही असेल. त्याचे ‘मूस मर्डर्स’ झालेच, तर वाचलेल्या पैशांत पुढचे एखादे अखेरचे तिकीट येईल.