पाहुणे घरात आणि घर खोक्यांत

आई-अण्णांची तिकिटं आम्ही ऑगस्टमध्येच काढून ठेवली होती. ५ डिसेंबरला मुंबईहून दुबई, २७ जानेवारीला परत. दुबईत नऊ वर्षं काढली, पण त्या दोघांना निवांत दोन महिने आणायचं राहूनच गेलं होतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटी कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मंजूर झाल्याची मेल आली. कागदावर मुदत होती २२ फेब्रुवारी. ही मुदत साधारणपणे मेडिकलच्या, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या, तारखेशी बांधलेली असते आणि मेडिकल बारा महिनेच चालतं. ती वाढवून मिळेल असं धरून बसण्यात अर्थ नव्हता. त्याआधी टोरांटोत पाऊल ठेवायलाच हवं होतं.

मी मिरजेला फोन केला. म्हटलं, तिकिटं पुढं ढकलू या, पुढच्या वर्षी थेट कॅनडाला या. आई म्हणाली, "पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय? आत्ताच येतो. पसारा असला तर असू दे, दोन हात जास्त होतील." तिचं ऐकलं हे फार बरं झालं.

तरी पहिले दहा दिवस मी चूक केली. खोकी बेडरूममध्ये दडवून ठेवायची, हॉल अगदी नीटनेटका, आणि रोज त्यांना कुठंतरी फिरवून आणायचं. जबल अलीचं नवीन मंदिर झालं, करामातला बाजार झाला, बर दुबईहून एक दिरहमच्या अब्रातून, म्हणजे छोट्या होडीतून, खाडी ओलांडून देरा झालं. अब्रात अण्णा इतके रमले की आम्ही तीन वेळा इकडून तिकडं केलं. पण रात्री ते झोपले की मी आणि नवरा दोन वाजेपर्यंत कागद लावत बसायचो. अकराव्या दिवशी पहाटे आई पाणी प्यायला उठली आणि मला जमिनीवर फायलींच्या मध्ये झोपलेली बघितलं. काही बोलली नाही. सकाळी चहा झाल्यावर म्हणाली, "आता मला काम सांग. नुसतं बसून मला करमत नाही."

दुबई सोडताना काय आधी बंद करायचं आणि काय नंतर, हा क्रम सांभाळणं सगळ्यात अवघड. मी आणि लेक नवऱ्याच्या व्हिसावर, त्यामुळं आमचे व्हिसे आधी रद्द, मग त्याचा. घराचा इजारी करार, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, रद्द करायला दीवाचं, म्हणजे वीज-पाण्याचं, शेवटचं बिल भरलेलं लागतं. फ्लॅटसाठी दीवाकडं सुरुवातीला अनामत भरलेले २००० दिरहमही त्यानंतरच सुटतात. पण बिल शेवटचं करायचं म्हणजे वीज तोडायची तारीख द्यायची, आणि घरात सत्तरीतली दोन माणसं. म्हणून सगळ्या तारखा आम्ही २७ जानेवारीच्या पुढं ठेवल्या. आई-अण्णांचा ६० दिवसांचा व्हिसा मुद्दाम ट्रॅव्हल एजन्सीकडून काढला होता, म्हणजे आमच्या रद्द होण्याशी त्याचा संबंध नको. लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लसींचं पुस्तक मात्र डिसेंबरच्या सुट्टीआधीच हातात घेतलं. ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथं, शाळेसाठी लसींची नोंद द्यावी लागते.

आता दागिन्यांचं. कॅनडात पहिल्यांदा उतरताना सोबत आणलेल्या आणि मागून येणाऱ्या सामानाची यादी कस्टम्सला द्यायची असते. फॉर्मचं नाव बीएसएफ १८६, पण सगळे अजून बी-फोरच म्हणतात. मागून येणारी वस्तू त्या यादीत नसेल तर नंतर त्यावर कर लागू शकतो. दागिन्यांचं वर्णन, अंदाजे किंमत आणि फोटो असलेले बरे. माझ्याकडं पावत्या फक्त दुबईत घेतलेल्या चार बांगड्यांच्या. बाकी सगळं लग्नातलं.

आईनं पलंगावर तिची जांभळी इरकल अंथरली. एकेक दागिना त्यावर ठेवायची, मी फोटो काढायची, अण्णा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. ठुशी हातात घेऊन आई म्हणाली, "ही आजीची. हिचे मणी पहिल्यांदा लाखेवर होते, तुझ्या लग्नात मोडून परत केली." मोहनमाळेचा एक पदर कमी का, पाटल्यांच्या कडेला घासल्याची खूण कशामुळं, वाकीची फिरकी कधी बदलली, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फॉर्मवर ठुशीपुढं मी एवढंच लिहिलं: सोन्याचा गळ्यालगतचा हार, एक, वापरातला. अण्णांच्या वहीत मात्र आजीच्या नावासकट पूर्ण ओळ आहे आणि ती वही मी पासपोर्टच्या पाऊचमध्येच ठेवली.

स्वयंपाकघर आईनं एकटीनं उरकलं. मिक्सर का टाकून जातेस, यावर दोन दिवस बोलणं चाललं. इथं वीज २३० व्होल्टची, कॅनडात १२० ची, आपला मिक्सर तिथं फिरायचाच नाही, हे पटल्यावर तिनं ओट्याखालचा दगडी खलबत्ता काढला. मी म्हटलं, इतकं जड कशाला. पण जहाजाच्या सामानाचे पैसे वजनावर नाही, घनमीटरवर लागतात, असं मूव्हर्सच्या माणसानं सांगितलं. मग काय, खलबत्ता यादीत गेला.

जानेवारीच्या मध्यावर मावसभाऊ बायको-मुलांसह चार दिवस येऊन गेला. त्याच आठवड्यात बँकेनं आम्हाला अडवलं. नवऱ्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी खात्यावर पडली आणि खातं गोठलं. गाडीचं कर्ज नोव्हेंबरमध्येच फेडलं होतं, पण ते बंद झाल्याची नोंद त्यांच्याकडं चढली नव्हती. नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा, डोळ्यांसमोर असून हात लावता येईना. मूव्हर्सचा पहिला हप्ता दोन दिवसांत द्यायचा होता. अण्णांनी बॅगेतून पाकीट काढलं. मिरजेहून निघताना बदलून आणलेले तीन हजार दिरहम त्यात तसेच होते, आम्ही त्यांना कुठं खर्चच करू दिला नव्हता. "हे घे," एवढंच म्हणाले. खातं नवव्या दिवशी सुटलं. दुबई सोडणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: कर्ज आणि कार्ड दोन महिने आधी बंद करा आणि तसं पत्र हातात घेतल्याशिवाय राजीनाम्याची तारीख ठरवू नका.

२४ जानेवारीला पॅकर्स आले. अण्णा मार्कर घेऊन दारात उभे. पॅकर्स त्यांच्या पद्धतीनं आकडे टाकत होते, अण्णा त्याखाली मराठीत लिहीत होते. "१७. स्वयंपाक. खल. जड आहे, खाली ठेवा." बत्ता मात्र सापडेना. आई शेवटपर्यंत शोधत होती. शेवटच्या तीन रात्री शेजारणीनं दिलेल्या गाद्यांवर आम्ही पाचही जण हॉलमध्ये ओळीनं झोपलो. २७ ला विमानतळावर आईनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बत्ता बघ हं."

९ फेब्रुवारीला आम्ही टोरांटोत उतरलो. अधिकारी बाईंनी दागिन्यांचे फोटो एकेक करून पाहिले, ठुशीच्या फोटोवर जरा थांबल्या, आणि यादीवर शिक्का मारला. जहाजाचं सामान एप्रिलच्या मध्यावर आलं. शिक्क्याची यादी दाखवून ते सोडवून घेतलं आणि टोरांटोजवळच्या मिसिसॉगातल्या आमच्या रिकाम्या घरात खोकी रचली. अण्णांच्या अक्षरामुळं सतरा नंबर लगेच सापडला. बत्ता निघाला बावीसमध्ये, लेकीच्या पुस्तकांच्या मधोमध, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. गाठ तिचीच होती. तिनंच तो बांधून ठेवला असणार आणि गडबडीत विसरली असणार.

दुपारचे बारा वाजले होते, मिरजेत रात्रीचे साडेनऊ. मी व्हिडिओ कॉल लावला. फोन कानाशीच धरून आई म्हणाली, "सापडला का गं?"