माजघरातली भेग आणि माझी ब्रँच

परभणी जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या काळ्या रानात आमचं घर आहे. माजघराच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी उतरलेली एक भेग मी लहानपणापासून बघत आले. चैत्रात तिच्यात करंगळीचं टोक जायचं, भाद्रपदात नखसुद्धा जायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी गवंडी येऊन ती सिमेंटनं भरायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात गिलावा फोडून ती पुन्हा उघडायची. आमच्या गल्लीत अशी भेग नसलेलं घर सापडणं अवघड, त्यामुळे तिचं कुणाला नवल नव्हतं. मलाही नव्हतं.

2019 साली मी इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही परीक्षा दिली. ती त्या वर्षी पहिल्यांदाच संगणकावर झाली आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये आला. मला 91 आले. ते 91 टक्के नव्हेत, शंभरातली साधारण 91 मुलं माझ्या मागे आहेत असा त्याचा अर्थ, हे घरी समजावताना संध्याकाळ गेली. मग तहसीलच्या चकरा, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, सुविधा केंद्रावर कागदांची तपासणी. आणि शेवटी ऑप्शन फॉर्म.

या फॉर्मबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी मुलं इथेच चुकतात आणि मीही चुकले. त्यात 300 पर्यंत पर्याय भरता येत होते. कॉलेज आणि ब्रँच अशी जोडी म्हणजे एक पर्याय. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणांत बसणारी पहिली जागा देते. म्हणजे मागच्या वर्षीचा कटऑफ बघून यादीचा क्रम लावण्यात काहीच फायदा नाही. क्रम फक्त स्वतःच्या मनासारखा हवा. वर अशक्य वाटणारं लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. उलट, पहिल्या क्रमांकावर जे लिहाल तेच मिळालं, तर तिथून मागे फिरायला वाव नसतो. म्हणून पहिला पर्याय खूप विचार करून लिहायचा.

माझ्या यादीत मन कुठेच नव्हतं. कॉम्प्युटर, मग आयटी, मग ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), मग मेकॅनिकल, मग सिव्हिल, असा क्रम मी प्रत्येक कॉलेजला लावला, कारण नेटकॅफेतल्या दादानं सगळ्यांना तसाच लावून दिला होता. मला एका शासकीय कॉलेजात सिव्हिल मिळालं. दुसरीकडे पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळण्यासारखं होतं, पण फी वर्षाला लाखाच्या वर, शिवाय खोली आणि मेस. अप्पांनी कापसाच्या पट्टीचा हिशोब वहीत मांडून दाखवला आणि मी सरकारी जागा पक्की केली. 2024 मध्ये राज्य सरकारनं ठरावीक प्रवर्गांतल्या, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. आमच्या वेळी तसं असतं तर कदाचित मी आज वेगळंच काही करत असते. सिव्हिल मी आवडीनं घेतलं नाही, हे खरं आहे आणि ते लपवावं असं मला वाटत नाही.

पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना सारखंच. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि दुसरं वर्ष मोबाईलवर गेलं. सर्वेइंगचा थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं यंत्र, मी व्हिडिओत पाहिला, हात लावला तो थेट तिसऱ्या वर्षी. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला. त्या दोन वर्षांत ब्रँच बदलता आली तर बरं, एवढाच विचार डोक्यात होता.

तिसऱ्या वर्षी कॉलेज पुन्हा भरलं आणि सॉईलच्या लॅबमध्ये सगळं बदललं.

लिक्विड लिमिटच्या प्रयोगात पितळी वाटीत ओली माती भरतात, मधे चर पाडतात आणि हँडल फिरवून वाटी आपटत राहतात. 25 ठोक्यांत चर मिटावा इतकं पाणी जेव्हा मातीत असतं, ती तिची लिक्विड लिमिट. प्लास्टिक लिमिटला काचेवर हातानं मातीच्या वळ्या करायच्या. 3 मिलिमीटर जाडीला वळी तुटायला लागली की थांबायचं, तेव्हा मातीत असलेलं पाणी ती प्लास्टिक लिमिट. माझ्या हातांना हे काम ओळखीचं वाटलं. पोळ्याला मातीचे बैल करताना आजी पाणी जास्त झालंय की कमी, हे असंच वळून बघायची.

आमच्या मॅडमनी एकदा सांगितलं, सुट्टीला जाल तेव्हा गावची माती घेऊन या. मी दिवाळीत माजघराच्या भिंतीलगत चार फूट खणलं आणि पिशवी भरून आणली. वाळवून, कुटून, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली. 10 ग्रॅमचे दोन भाग केले. एक पाण्याच्या मोजपात्रात, दुसरा रॉकेलच्या. 24 तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 11 मिलिलिटरवर बसली होती आणि पाण्यातली 21 वर. जवळजवळ दुप्पट. मी त्या दोन नळ्यांसमोर बराच वेळ उभी राहिले. आमच्या घराखाली दर पावसाळ्यात हेच घडत होतं.

दख्खनचा बेसॉल्ट खडक झिजून ही काळी माती तयार होते आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरतं, म्हणून माती फुगते. रॉकेल तसं शिरत नाही. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की माती आकसते आणि जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमचा पाया जेमतेम तीन फूट खोल, म्हणजे हा चढउतार जिथे सगळ्यात जास्त तिथेच. त्यात पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडायचं आणि पलीकडच्या कोपऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड तिथला ओलावा ओढून घ्यायचं. घराचा एक कोपरा उचलला जात होता, दुसरा बसत होता. यात गवंड्याची काही चूक नव्हती. तो भिंत दुरुस्त करत होता आणि दुखणं जमिनीत होतं.

मग मी वाचत सुटले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी बुडाशी फुगीर असलेल्या पाइल्स, म्हणजे पायाचे जमिनीत खोल जाणारे खांब, रूढ केल्या. त्या सुमारे साडेतीन मीटर खाली, ओलावा फारसा बदलत नाही तिथपर्यंत नेतात. मुंबईच्या आयआयटीतल्या आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमासारख्या मातीचा जाड थर दाबून बसवायची पद्धत मांडली आणि ती कालव्यांसाठी वापरली गेली. आपल्याच मातीवर आपल्याच माणसांनी एवढं काम करून ठेवलंय आणि आमच्या गावापर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

शेवटच्या वर्षी, फेब्रुवारी 2023 मध्ये, एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा दिली. 100 गुण, 65 प्रश्न, तीन तास. त्यात 15 गुण अ‍ॅप्टिट्यूडचे आणि 13 गणिताचे. ज्या एम-थ्रीनं मला रडवलं होतं त्यातलेच 13, म्हणून ते मी सगळ्यात आधी तयार केले. उत्तर आकड्यात लिहायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसतं, ते एकही सोडले नाहीत. गुण बरे आले. आयआयटीइतके नाहीत, एनआयटीसाठी पुरेसे.

पुन्हा एक ऑप्शन फॉर्म. सिनियर एकमुखानं सांगत होते, स्ट्रक्चर्स, म्हणजे इमारतींच्या सांगाड्याची शाखा घे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुण्या-मुंबईत स्ट्रक्चरल कन्सल्टंट गल्लोगल्ली आहेत, सॉफ्टवेअर शिकलं की घरबसल्याही काम मिळतं. जिओटेकमध्ये, म्हणजे माती आणि पायाच्या शाखेत, जागा कमी, काम साईटवर, आणि मुलगी म्हणून माती तपासायला बोअरहोल पाडणाऱ्या मशीनजवळ दिवसभर उभं राहणं सोपं नाही, हेही त्यांनी आपुलकीनंच सांगितलं. मी स्ट्रक्चर्स वर आणि जिओटेक खाली अशी यादी केली. लॉक करायच्या आदल्या रात्री अप्पांना फोन लावला. त्यांना दोन्ही नावं सांगितली, दोन्हींत काय असतं तेही सांगितलं.

ते म्हणाले, "माय, घर कसं बांधायचं ते सांगणारे लई भेटतात. आपल्या काळीचं काय करावं ते सांगणारं कोणी आलं न्हाई अजून."

मी यादी उलटी केली. तेलंगणातल्या एनआयटीत जिओटेक्निकल मिळालं. दरमहा 12,400 रुपयांच्या स्टायपेंडमध्ये माझा खर्च भागला, घरून पैसे मागावे लागले नाहीत.

2025 मध्ये एम.टेक. संपलं. आता मी पुण्यात माती तपासणीच्या कामात आहे. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मी लिहून घेते. उन्हात उभं राहावं लागतं. पगार स्ट्रक्चर्सवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी आहे. ज्या दिवशी बोअरमधून काळी माती वर येते, त्या दिवशी घरमालकाला मी जरा जास्त वेळ देते.

उभ्या घराखाली पाइल्स घालणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पन्हाळीला पाइप लावून पाणी लांब सोडलं आणि घराभोवती दीड मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा केला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. निंब तोडायला आई तयार झाली नाही, तो राहिला. भेग यावेळी भरली नाही. तिच्या दोन्ही कडांना एकेक खूण केली आणि अप्पांना एक स्टीलची पट्टी देऊन ठेवली. दर महिन्याच्या एक तारखेला ते माप घेतात आणि फोटो काढून मला पाठवतात.