पाऊस चालंल, वारा कुठून यायलाय ते आधी बघा

परभणीला फोन लावला की जेवलीस का ह्याच्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, गाडी घेतलीस का. गाडी म्हणजे कार. आईला अजूनबी वाटतं की पोरगी नेदरलँड्सला नोकरीला गेली आणि तिथं सायकलवर ऑफिसला जायली म्हणजे पगाराचं काहीतरी गडबड आहे, आणि ही शंका ती मला सोडून सगळ्या गल्लीला बोलून दाखवते. मामी तं सरळच म्हणाल्या, कामून गं, तिकडं स्कूटी बी मिळत नाही का. मग मी एकदा मार्क रुट्टे यांचा सायकलवरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हटलं बघा, हे 2010 पासून 2024 पर्यंत इथले पंतप्रधान होते, आता नाटोचे प्रमुख आहेत, आणि पंतप्रधान असताना सायकलवर ऑफिसला जायचे. आईचं उत्तर आलं, त्यांचं ऑफिस जवळ असंल.

माझं ऑफिस लई जवळ नाही पण लांबबी नाही. मी राहते उट्रेख्तला आणि ऑफिस झाइस्टला, साधारण नऊ किलोमीटर, मधे दे बिल्ट नावाचं गाव लागतं. ह्या दे बिल्टमधेच इथल्या हवामान खात्याचं, केएनएमआयचं, मुख्य ऑफिस आहे, म्हणजे मी रोज वेधशाळेच्या गावातून भिजत जाते असं म्हणायला हरकत नाही. रस्ता सपाट, सायकलचा ट्रॅक वेगळा, लाल डांबराचा, त्याच्यावर कार येत नाही. सायकलचे सिग्नल वेगळे. ग्रोनिंगेनसारख्या शहरात तर काही सिग्नलला पावसाचे सेन्सर आहेत, पाऊस असला की सायकलवाल्याला लवकर हिरवा मिळतो. देशात माणसं पावणेदोन कोटींच्या पुढं आणि सायकली दोन कोटींच्याबी वर, त्यामुळं सायकलवाला म्हणजे बिचारा अशी नजर इथं कुणाचीच नसते. उलट कंपनी ऑफिसला येण्याजाण्याचे किलोमीटरला 0.23 युरोपर्यंत टॅक्स न कापता देऊ शकते, मग तुम्ही सायकलनी या नाहीतर कारनी. माझे जाऊन येऊन 18 किलोमीटर म्हणजे दिवसाचे 4 युरो 14 सेंट, चारशे रुपयांच्या आसपास. हा हिशोब बाबांना लगेच पटला, आईला नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळे विचारता की तिथं तर सारखा पाऊस असतो म्हणे, मग कसं जमतं.

तर ऐका, इथं वर्षाला साधारण 850 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या परभणीची सरासरी त्याच्या फार मागं नाही. फरक आहे तो पडण्याच्या पद्धतीत. आपला सगळा जून ते सप्टेंबरमधे उरकतो, त्यातही मधे तीन आठवडे दडी मारतो आणि मग एका रात्रीत वर्षभराचा राग काढतो. इथं तोच पाऊस बारा महिन्यांत वाटून दिलेला असतो, बहुतेक वेळा भुरभुर. आपल्याकडं मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, हा आकडा आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाबी पाठ आहे कारण त्याच्यावर पंचनामा ठरतो. इथं एवढा पाऊस पडायला कधीकधी अख्खा महिना लागतो. सप्टेंबर 2025 मधे जेव्हा धाराशिव, बीड, नांदेडकडं नुसतं पाणीच पाणी झालं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, तेव्हा इथं लंचला कलीग लोक आज किती भिजलो ह्याच्यावर बोलत होते आणि मी गप जेवत होते. बोलणार तरी काय, आणि कुणाला.

आणि सायकल पावसात चालवायची म्हटलं तर आपल्या काळ्या रानापुढं इथलं काहीच नाही. शाळेत असताना पावसाळ्यात शेतातल्या वाटेनं सायकल आणली की शंभर पावलांत चाक जाम. ती काळी चिकट माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसती की आधी काडीनं खरवडायची, मग खाली उतरून ढकलायची, आणि शेवटी सायकलनी आपल्याला न्यायच्या ऐवजी आपणच सायकलला खांद्यावर न्यायचं. अंगावर रेनकोट नाही, युरियाच्या पोत्याची खोळ. मानव विकासच्या योजनेत पोरींना सायकली मिळायच्या त्यातल्या किती सायकली जुलै-ऑगस्टमधे घरीच उभ्या असायच्या, त्याचं कारण पोरी नव्हत्या, रस्ते होते. इथं डांबरावरून पाणी वाहून जातं, चेनवर पूर्ण कव्हर असतं, मागचा ब्रेक कितीतरी सायकलींना पायडल उलटं फिरवून लागतो म्हणून तो ओला होऊन घसरायचा प्रश्नच नाही. अशा रस्त्यावर पावसाची तक्रार करायला मला तरी जीभ रेटत नाही.

शिवाय पाऊस टाळता येतो. सकाळी उठल्यावर इथं लोक चहाच्या आधी बाउनराडार उघडतात, म्हणजे पावसाच्या रडारचं ॲप, पुढच्या दोन-तीन तासांत तुमच्या डोक्यावर ढग किती वाजता येणार आणि किती वेळ राहणार ते दर पाच मिनिटांच्या हिशोबानं दाखवतं. ढग आठ वाजून दहाला येऊन साडेआठला जाणार असंल तर मी दुसरा चहा करते आणि पावणेनऊला निघते. ऑफिसात कुणी विचारत नाही, मीटिंगला उशिरा आलेला माणूस नुसतं रडार म्हणला तरी सगळे मान हलवतात. बाबांना हे ॲप दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, हे पंधरा दिवसांनंतरचं सांगतं का. म्हटलं नाही. मग काय उपयोग, म्हणाले. त्यांचं सगळं पेरणीचं गणित आपल्या जिल्ह्यातल्याच, हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांच्या व्हिडिओवर आणि वरून कृषी विद्यापीठाचा सल्ला पेपरात काय आलाय त्याच्यावर चालतं, त्यांना पाच मिनिटांचा पाऊस कशाला पाहिजे.

पण वाऱ्याचं काय करणार? वारा दहा मिनिटं थांबून जात नाही, तो दिवसभर असतो, आणि मला विचाराल तर ह्या देशात सायकल काढायची का नाही हे ठरतं ते वाऱ्यावर. नवीन आलेला माणूस ढग बघतो, जुना माणूस बाण बघतो, ॲपमधे दिशा दाखवणारा छोटा बाण असतो तो. देश जवळपास सगळा सपाट, मोठा डोंगर नाही, समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला अडवायला काहीच नाही, म्हणून वारा हाच इथला घाट. आणि हा घाट रोज जागा बदलतो.

माझ्या बाबतीत तर लईच गंमत आहे. इथं जास्त करून वारं नैऋत्येकडून येतं. माझं घर पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला. म्हणजे सकाळी वारा पाठीवर, पायडल मारायची गरजच नाही असं वाटतं, नऊ किलोमीटर कधी संपले कळत नाही, आणि आपण लई फिट झालो असा समज करून माणूस ऑफिसात शिरतो. संध्याकाळी तोच वारा तोंडावर. दिवसभराचं काम करून, पोटात सकाळचा डबा जिरलेला, डिसेंबर असंल तर साडेचारलाच अंधार. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो हे आपण अकरावीला घोकलेलं असतं, पण त्याचा अर्थ असा की तुम्ही ताशी 18 नी जायलात आणि समोरून 30 चा वारा आला तर शांत हवेच्या सातपट अडथळा छातीवर बसतो. सातपट! म्हणून मी सकाळी सात वाजता खिडकीतून बाहेर बघतच नाही, संध्याकाळी साडेपाचला वारा किती आणि कुठून ते बघते आणि त्याच्यावर ठरवते. सकाळचं काय, सकाळ निघून जाती.

हे बाबांना मात्र एका वाक्यात कळालं. फवारणी करणाऱ्याला वाऱ्याची दिशा शिकवावी लागत नाही, आणि त्यांनी तर खळ्यावर उभं राहून उपणणी, म्हणजे धान्य वाऱ्यात ओतून भूस उडवायचं काम, केलेली आहे, वारं पडलं की सगळी माणसं टोपली हातात धरून कशी ताटकळत बसायची ते त्यांनी मला सांगितलं आणि मग कितीतरी वेळ आम्ही वाऱ्यावरच बोलत होतो. आई मधे म्हणाली, एवढा वारा सुटायलाय तं सुट्टी का घेईनास. तिचंबी बरोबरच आहे म्हणा.

इथं वारा बोफर्टच्या आकड्यात सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढा वाऱ्याचा जोर जास्त. पाचपर्यंत मी विचार करत नाही. सहा म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर, तिथं दिशा बघते, पाठीवरचा असंल तर जाते आणि संध्याकाळी दिशा बदलणार का ते बघते. सात असला की मग बसनी जाते. सरळ समोरचा वारा नुसता दमवतो, धोका खरा बाजूच्या वाऱ्याचा, बिल्डिंगच्या आडोशानं आरामात चाललेलं असतं आणि बिल्डिंग संपली की एकदम ढकलून देतो, पुलावर पण तसंच. आणि हे डच लोक, ह्यांचं काय सांगावं, ह्यांनी समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची नॅशनल चॅम्पियनशिप भरवलीय! समुद्राच्या 1953 च्या पुरानंतर त्यांनी झेलांड प्रांतात ओस्टरस्खेल्डेचा मोठा बांध बांधला, 1986 ला पूर्ण झाला, त्याच्यावर ही साडेआठ किलोमीटरची शर्यत होते. गिअर नसलेली साधी सायकल सगळ्यांना सारखीच, आणि वारा सातच्या खाली असंल तर शर्यतच नाही. म्हणजे जिथं मी बसचं तिकीट काढते तिथून ह्यांची स्पर्धा सुरू होती. तारीख आधी ठरलेली नसते, वादळ यायलंय असं दिसलं की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात.

आमच्या ट्रॅकवर तशी स्पर्धा रोजच असते, पण ती ई-बाइकवाल्या आज्यांशी. समोरून वारा, मी सायकलवर आडवी पडून पायडल मारायली आणि बाजूनं सत्तरीची बाई ताठ बसून, लिपस्टिक लावून, हळूच घंटी वाजवून पुढं जाती. आता नवीन विकल्या जाणाऱ्या सायकलींत जवळपास निम्म्या ई-बाइकच असतात. महाग लई, आणि चोरीबी लई होतात, म्हणून मी अजून घेतली नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते कारण तेबी सगळे विचारतात. पोंचो घेऊ नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. जॅकेट आणि वरून घालायची रेन पँट घ्या, कारण वरचं अंग कधीच भिजत नाही, भिजतात त्या मांड्या आणि भिजलेली जीन्स दुपारपर्यंत वाळत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमधे सॉक्सचा जोड ठेवा. सीटवर टाकायला प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवा, त्याच्यासाठी भाजी आणलेली साधी कॅरीबॅग चालते. लाइट पुढं पांढरा, मागं लाल, अंधारात आणि पावसात नसला तर पोलीस दंड करतात आणि करायलाच पाहिजे, कारण ओल्या काचेतून कारवाल्याला काळा कोट घातलेला माणूस दिसत नाही.

बर्फाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. पांढरा भुसभुशीत बर्फ चालतो, हळू गेलं की झालं. पण पारा शून्याच्या आसपास असताना पाऊस पडला आणि जमिनीवर पडल्या पडल्या गोठला की रस्त्यावर जो काचेसारखा थर बसतो तो दिसतसुद्धा नाही. छोट्या गाड्या सायकल ट्रॅकवरपण मीठ टाकत फिरतात, तरी पुलावर आधी गोठतं कारण त्याच्या खालूनबी थंड हवा असते. जानेवारी 2016 मधे ग्रोनिंगेनकडं असा थर बसला होता की लोक रस्त्यावर स्केटिंग करत होते. त्या दिवशी माझं ऑफिस घरीच, लॅपटॉप उघडायचा आणि बसायचं.

वादळाचंबी तसंच. केएनएमआय पिवळा, नारंगी, लाल असे कोड देतं. पिवळ्याला इथले लोक किंमत देत नाहीत, शाळेची पोरं दप्तर मागं बांधून जातच असतात. लाल झाला की मात्र हेच लोक गपचूप घरात बसतात. 18 फेब्रुवारी 2022 ला युनिस वादळ आलं तेव्हा दुपारी देशभरातल्या ट्रेन बंद केल्या होत्या, झाडं पडून माणसं गेली. 5 जुलै 2023 चं पॉली तर भर उन्हाळ्यात, समुद्राकाठी ताशी 146 किलोमीटरचा झोत. हिवाळ्यात झाडं नागडी असतात, वारा फांद्यांतून निघून जातो, जुलैत पानांनी भरलेली असतात म्हणून वाऱ्याला धरून ठेवतात आणि मुळासकट येतात. माझ्या झाइस्टच्या रस्त्याला दोन्हीकडं मोठी झाडं आहेत, त्यामुळं उन्हाळ्यात नारंगी कोड आला तरी मी सायकलला हात लावत नाही. शेजारचा डच माणूस हसतो, हसू द्या.

आता ह्या सगळ्यात एक भानगड राहती जी कुणी सांगत नाही. सकाळी वारा पाठीवर, तुम्ही मजेत गेलात, आणि संध्याकाळी वारा आठवर गेला. बसनी घरी येता येतं, पण सायकल ऑफिसला राहिली. दुसऱ्या दिवशी हवा एकदम छान, सूर्य वगैरे, आणि तुमच्याकडं सायकल नाही, मग परत बस. ट्रेननी येणाऱ्यांचं अजून अवघड, ऑफिसच्या गर्दीच्या वेळेत साधी सायकल डब्यात घेऊ देत नाहीत, फक्त फोल्डिंगवाली चालते. म्हणून इथल्या लोकांकडं दोन सायकली असतात, एक चांगली आणि एक अशी जिच्याकडं चोरसुद्धा बघणार नाही. माझीबी दुसरी बघून ठेवलीय, एका म्हाताऱ्या काकांची, काळी, जड, गिअर नाहीत, साठ युरो म्हणायलेत. मी पन्नास म्हटलंय. शनिवारी बघायला जाणार आहे, पाऊस असला तरी.